हुकलेल्या बाणांसकट

तिरंदाजीचा एक गोल फलक. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक, आणि या वर्तुळांनी पडदा जवळजवळ भरून गेलेला. फलकात आधीचेच काही बाण रुतलेले आहेत. कुणी या कडेला, कुणी त्या. मध्यापासून सगळेच कमीजास्त लांब. मग बाहेरून एक नवा बाण येतो आणि नेमका मधल्या टिपक्यावर बसतो. ही 'दि आर्चर्स' यांची निर्मिती आहे असं सांगणारी अक्षरं दिसतात आणि सिनेमा सुरू होतो. चहाचा कप उचलून ओठाला लावेपर्यंत संपणारा प्रकार.

सिनेमाआधी येणारी कंपन्यांची बोधचिन्हं आपण बघतो, वाचत नाही. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं त्यांचं असतं. तो असतोच, आणि आपली नजर त्याला ओलांडून थेट मुहूर्ताकडे जाते. मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो. या बाणाशी अडलो ते एका रात्री एकाच कंपनीचे दोन सिनेमे लागोपाठ बघताना. दुसऱ्यांदा फलक आला तेव्हा पुढं काय होणार हे माहीत होतं, त्यामुळे नव्या बाणाची वाट बघण्याऐवजी नजर रिकामी होती. ती रिकामी नजर जुन्या बाणांवर गेली. हे कुणी मारले? आणि ते काढून का नाही टाकले?

एखाद्या कंपनीला आपला नेम किती अचूक आहे हे मिरवायचं असतं, तर कोरा फलक आणि त्यावर एकच बाण, एवढं पुरलं असतं. आपल्याकडच्या नेमबाजीच्या गोष्टी तशाच आहेत. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत ज्याला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला तो उरतो, बाकीच्यांच्या हातातलं धनुष्य खाली ठेवायला लावतात. द्रौपदीच्या स्वयंवरात मासा फुटला तो लक्षात राहतो. हुकलेल्या बाणाला आपल्या गोष्टीत जागाच नाही. इथे मात्र तो फलकावर तसाच ठेवलाय, आणि तोही ज्या जागी सगळे आपापली ऐट मिरवतात त्या जागी.

बाकीच्यांची ऐट आठवून बघा. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा सिंह गुरगुरतो, पण गुरगुरायच्या आधीपासून तो राजाच असतो. पॅरामाउंटचा पर्वत काही करत नाही, त्यानं काही करायची गरजही नाही. कोलंबियाची बाई हातातली मशाल उंच धरून उभी आहे आणि ती कधी खाली करणार नाही. ब्रिटनच्या रँक कंपनीचा उघडा, पिळदार माणूस भलामोठा तास वाजवायचा. चाळिशीच्या दशकात हे काम करणारा बिली वेल्स हा खराखुरा मुष्टियोद्धा होता, पण तो तास मात्र खोटा होता. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून जोडलेला. म्हणजे या सगळ्या चिन्हांत गोष्ट आधीच घडून गेलेली असते आणि आपल्याला तिचा निकाल दाखवतात. बाणाच्या चिन्हात गोष्ट आपल्यासमोर घडते. बाण सुटलाय आणि तो लागेलच असं नाही, याचे पुरावे फलकात खुपसलेले आहेत. एवढ्याशा जागेत अख्खं नाट्य आहे, त्यात मागचा इतिहाससुद्धा आहे.

'दि आर्चर्स' म्हणजे तिरंदाज दोन. एक मायकेल पॉवेल, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात कँटरबरीच्या जवळ १९०५ साली जन्मलेला. दुसरा एमेरिक प्रेसबर्गर, हंगेरीतल्या मिश्कोल्त्स गावी १९०२ साली जन्मलेला, तेव्हाचं नाव इम्रे. पॉवेल दिग्दर्शन करायचा आणि प्रेसबर्गर कथा-पटकथा लिहायचा, ढोबळमानानं असं म्हणता येतं. पण पडद्यावर त्यांनी तशी वाटणी कधी होऊ दिली नाही. लेखन, निर्मिती, दिग्दर्शन या तिन्हींखाली दोघांची नावं, एकाच ओळीत, बरोबरीनं. सिनेमाच्या धंद्यात, जिथे नावाच्या अक्षरांची उंचीही करारात लिहून घेतात, तिथे हे सहज होण्यासारखं नव्हतं.

मला या जोडीतल्या हंगेरियन माणसाबद्दल आणि त्या बाणातल्या हंगेरियन अंशाबद्दल बोलायचंय. त्यासाठी थोडं मागे, एका डोमकावळ्यापर्यंत जावं लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हंगेरीत 'कॉर्विन' नावाची एक चित्रपटकंपनी होती. तिची सुरुवात कोलोझ्वार या शहरातली, यनो यानोविच या नाटकवाल्या माणसानं केलेली. 'कॉर्विन' हे नाव ऐकलं की हंगेरियन माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा पक्षी येतो. पंधराव्या शतकातला तिथला सर्वांत लाडका राजा माच्याश, युरोपभर माथियास कॉर्विनस म्हणून ओळखला गेलेला, याच कोलोझ्वारमध्ये १४४३ साली जन्मला. त्याच्या हुन्यादी घराण्याच्या ढालीवर निळ्या पार्श्वभूमीवर काळा डोमकावळा आहे आणि त्याच्या चोचीत सोन्याची अंगठी. लॅटिनमध्ये डोमकावळ्याला 'कॉर्वस' म्हणतात, त्यावरून कॉर्विनस.

ही अंगठी तिथे कशी आली याची एक कथा हंगेरीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजा झिग्मोंद एका तरुणीवर भाळला. होणाऱ्या मुलासाठी खूण म्हणून त्यानं तिला अंगठी दिली आणि मूल घेऊन बुडा शहरी ये म्हणाला. ती निघाली तेव्हा वाटेत मुलाच्या हातातली चकाकती अंगठी डोमकावळ्यानं पळवली. मग बाण सुटला, पक्षी खाली पडला आणि अंगठी परत मिळाली. कुणाच्या सांगण्यात बाण मुलाच्या मामानं मारलेला असतो, कुणाच्या सांगण्यात खुद्द मुलानं. ते मूल म्हणजे यानोश हुन्यादी, माच्याश राजाचा बाप. शाकुंतलातली खुणेची अंगठी मासा गिळतो, इथे ती पक्षी पळवतो. दोन्हीकडे राजा, दोन्हीकडे ओळख पटवायची पंचाईत. फरक इतकाच की आपल्या गोष्टीत कोळ्याचं जाळं कामाला येतं आणि त्यांच्या गोष्टीत धनुष्य.

इतिहासकार या कथेला कथाच मानतात. पण तिचं चित्र पक्कं आहे: पक्षी, अंगठी आणि मध्ये कुठेतरी हवेतून गेलेला एक बाण. ढालीवर पक्षी आणि अंगठी उरली. बाण चित्राबाहेर राहिला.

१९१७ साली ही कंपनी विकत घेऊन बुडापेस्टला आणली ती शांदोर कोर्दा यानं. वय तेवीस-चोवीस. कोर्दा हे नाव त्यानं स्वतः घेतलेलं, मूळचा तो केलनर. शहराच्या झुग्लो भागात त्यानं स्टुडिओ उभारला आणि हंगेरियन साहित्यातल्या नामवंतांच्या कादंबऱ्या पडद्यावर आणायचा सपाटा लावला. मिक्साथ, बाबित्स, योकाई. योकाईच्या कादंबरीवरचा १९१८ चा 'अझ अरन्येंबेर', म्हणजे सोन्याचा माणूस, आजही बघायला मिळतो. १९१९ साली हंगेरीत १३३ दिवसांचं साम्यवादी सरकार आलं आणि त्यानं चित्रपटधंदा सरकारी करून टाकला. ते सरकार पडलं, सूडाचं सत्र सुरू झालं, कोर्दाला अटक झाली. सुटल्यावर तो जो देश सोडून निघाला तो तिथे राहायला पुन्हा गेला नाही. कॉर्विनचं पुढे दिवाळं निघालं आणि तिच्या स्टुडिओच्या जागी १९२८ मध्ये 'हुन्निया' ही नवी संस्था आली. जिथे कंपनी जन्मली ते कोलोझ्वारसुद्धा हंगेरीत राहिलं नाही. १९२० च्या त्रियानों तहानंतर ते रुमानियात गेलं, आज त्याचं नाव क्लुज-नापोका. पक्षी उडाला म्हणावं तर त्याचं झाडही शेजाऱ्याच्या अंगणात गेलं.

कोर्दा व्हिएन्ना, बर्लिन, हॉलिवुड, पॅरिस असं फिरत लंडनला पोचला. तिथे तो अलेक्झांडर झाला आणि कोर्दाचा इंग्रजी उच्चार होत होत कोर्डा झाला. १९३२ मध्ये त्यानं कंपनी काढली. नाव ठेवलं 'लंडन फिल्म' आणि बोधचिन्ह निवडलं बिग बेन. पडद्यावर ते घड्याळ, कानावर त्याचे ठोके. परक्या गावी नवं बिऱ्हाड मांडणारा माणूस दारावर गावातल्या ग्रामदेवतेचं चित्र लावतो, त्यातला हा प्रकार. आम्ही तुमचेच, शंका नको. १९३३ मध्ये आठव्या हेन्रीवरचा त्याचा सिनेमा जगभर गाजला, चार्ल्स लॉटनला ऑस्कर मिळालं आणि इंग्रजांचा इतिहास इंग्रजांनाच विकून दाखवणारा हा हंगेरियन १९४२ साली 'सर' झाला. बोधचिन्हानं आपलं काम चोख केलं. त्यात एक गंमत आहे. १९३९ साली युद्धाचा काळोख पाळायचा म्हणून खऱ्या घड्याळाचे दिवे विझवले ते १९४५ पर्यंत. त्या काळात लंडनमध्ये ते घड्याळ उजळलेलं बघायचं तर ते चित्रपटगृहात.

मला बिग बेनचं चिन्ह आवडतं, पण त्यात धोका काहीच नाही. घड्याळ चुकणार नाही. दुसऱ्याची विश्वासार्हता उसनी घेतलेली आहे, आणि चांगल्या व्याजानं.

पॉवेल आणि प्रेसबर्गर यांची गाठ घालून दिली ती याच कोर्डानं. 'द स्पाय इन ब्लॅक' (१९३९) या सिनेमाची कथा जमत नव्हती, ती दुरुस्त करायला त्यानं प्रेसबर्गरला बोलावलं. तोवर प्रेसबर्गरनंही देशोदेशीचं पाणी प्यायलेलं होतं. प्राग आणि स्टुटगार्टला शिक्षण, मग बर्लिनमध्ये 'ऊफा' या बड्या कंपनीत पटकथालेखन. तो ज्यू होता. १९३३ मध्ये नाझी आल्यावर त्याला बर्लिन सोडावं लागलं. आधी पॅरिस, मग १९३५ मध्ये लंडन. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. ज्याचं सगळं पोट भाषेवर, त्या माणसानं तिशी ओलांडल्यावर नव्या भाषेत पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे त्यानं इंग्रजांच्या स्वभावातले जे बारकावे लिहिले ते वाचून एखाद्या इंग्रजालाही आपल्या घरात कुणीतरी डोकावून गेल्यासारखं वाटावं. तो उत्तम स्वयंपाकी होता आणि आर्सेनल या फुटबॉल संघाचा कट्टर चाहता. नवा देश आपलासा करायचा एक मार्ग संसदेच्या घड्याळातून जातो, दुसरा फुटबॉलच्या मैदानातून. मला दुसरा जास्त खरा वाटतो.

१९४१ च्या डिसेंबरात ब्रिटननं हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या दिवसापासून कागदोपत्री प्रेसबर्गर शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्या आधी त्याच्या कथेवर '४९थ पॅरलल' हा ब्रिटनच्या बाजूचा प्रचारपट निघाला होता आणि त्या कथेला पुढे ऑस्करही मिळालं, पण कागद तो कागद. 'त्याचा काही नेम नाही' असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मराठीत निशाण्यालाही नेम म्हणतात आणि भरवशालाही. १९४२ मध्ये सरकारी दृष्टीनं ज्याचा काही नेम नव्हता अशा या माणसानं एका अस्सल इंग्रजाबरोबर कंपनी थाटली आणि तिचं नाव ठेवलं तिरंदाज. 'वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग' हा त्या नावाखालचा पहिला सिनेमा.

आता फलकाकडे पुन्हा बघू. इंग्रजी प्रेक्षकाला तिरंदाज म्हटलं की आपले पूर्वज आठवतात. माणसाच्या उंचीचं धनुष्य, १४१५ मध्ये आजँकूरच्या लढाईत फ्रेंच सरदारांना लोळवणारे साधे शिपाई, रॉबिन हूड. युद्धाच्या दिवसांत हे चिन्ह त्यांना घरचं वाटलं असणार, यात नवल नाही. पण प्रेसबर्गरच्या मातृभूमीलाही धनुष्य होतं, आणि ते इंग्रजांच्या आधीचं. नवव्या शतकाच्या अखेरीस मॉज्यार टोळ्या, म्हणजे हंगेरियनांचे पूर्वज, पूर्वेकडून येऊन डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरल्या. त्यांचे घोडेस्वार धावत्या घोड्यावरून, पळून जाताना मागे वळूनसुद्धा बाण मारायचे. पुढची पन्नास-साठ वर्षं इटलीपासून जर्मनीपर्यंत त्यांची इतकी धास्ती होती की मोदेना शहरातले लोक आपल्या संताकडे हंगेरियनांच्या बाणांपासून वाचवा असं साकडं घालत. शिवाय डोमकावळ्याच्या चोचीतून अंगठी सोडवणारा तो कथेतला बाण आहेच.

म्हणजे हे चिन्ह दोघांच्याही घरी होतं. कोर्डानं इंग्रजांची वस्तू उचलून छातीवर लावली. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी अशी वस्तू शोधली की जिच्यावर दोघांचाही वडिलोपार्जित हक्क सांगता येईल. त्यांनी हा सगळा हिशेब मांडून चिन्ह निवडलं, असं माझं म्हणणं नाही. कवितेतला शब्द कवीला माहीत नसलेले अर्थही पोटात घेऊन येतो, तसं चिन्हाचंही होत असावं. पण एकदा दिसलं की ते पुसता येत नाही. मला तरी तो नवा बाण दर वेळी दोन दिशांनी येताना दिसतो.

प्रेसबर्गरचं एक पत्र या चिन्हाची टीप म्हणून वाचता येतं. १९४२ मध्ये वेंडी हिलर या अभिनेत्रीला आपल्या नव्या सिनेमात काम करायला सांगताना त्यानं आर्चर्सची भूमिका पाच कलमांत लिहून पाठवली. पैसे घालणाऱ्याला नफा देण्याचं बंधन तेवढं मान्य, बाकी कुणाचं नाही, सिनेमातल्या प्रत्येक फुटाची जबाबदारी आमची, असं त्यात आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते तिसरं कलम. नव्या कल्पनेवर काम सुरू करताना आपण एक वर्ष पुढे असलं पाहिजे, प्रतिस्पर्ध्यांच्याही आणि काळाच्याही, कारण कल्पना सुचल्यापासून सिनेमा सगळीकडे पोचेपर्यंत वर्ष तरी जातंच. ही शुद्ध शिकाऱ्याची अक्कल आहे. उडत्या पाखरावर नेम धरायचा तर पाखरू आहे तिथे धरून चालत नाही, ते जिथे पोचेल तिथे धरायचा. आणि पाखरानं वाट बदलली तर बाण हुकतो. मग तो काढायचा नाही, राहू द्यायचा.

हिलरला तेव्हा दिवस गेले होते, ती भूमिका डेबोरा कारला मिळाली. सिनेमा होता 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप' (१९४३), रंगीत. एका म्हाताऱ्या, फुगलेल्या, कालबाह्य झालेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची चाळीस वर्षांची गोष्ट, आणि त्याच्या जिवलग जर्मन मित्राची. ऐन युद्धात चांगला जर्मन दाखवायचा आणि आपला अधिकारी काहीसा हास्यास्पद, म्हणजे काळाच्या किती पुढे! खुद्द चर्चिल यांनी हा सिनेमा थांबवता येईल का अशी विचारणा केली. थांबवता आला नाही.

या सिनेमाच्या आधी फलक येतो, बाण लागतो, आणि पुढची श्रेयनामावली एका भरतकामाच्या पटावर उलगडते. ब्लिंप त्यात जुन्या काळच्या सरदारासारखा घोड्यावर बसलेला. आधीच्या क्षणी धनुष्यबाणाच्या युगात नेऊन बसवलेलं असतं, त्यामुळे हा पट आपण क्षणभर खरंच मध्ययुगीन समजून बघतो, आणि मग त्यावरचं टक्कल आणि पोट लक्षात येऊन हसू फुटतं. चिन्ह इथे सिनेमाचं पहिलं वाक्य झालंय.

पण माझ्या मते त्या बाणाचं खरं उत्तर दोनेक तासांनी येतं. जर्मन मित्र थिओ आता म्हातारा झालाय. १९३९ साल. तो नाझींना कंटाळून इंग्लंडमध्ये आश्रय मागतोय आणि परकीयांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर बसलाय. अॅन्टन वॉलब्रुक हा नट, स्वतः ऑस्ट्रियातून आलेला निर्वासित. अधिकारी विचारतो, इकडे का आलात? थिओ सांगू लागतो. बायको इंग्लिश होती, ती गेली. मुलं नाझी झाली, आईच्या अंत्यविधीलाही आली नाहीत. मग एकटेपणात तिच्या गावची, इंग्लंडमधल्या हिरव्या माळरानांची आठवण येऊ लागली. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. कॅमेरा हळूहळू त्याच्याजवळ सरकतो आणि मध्ये कुणी त्याला तोडत नाही. ही ओळ अन् ओळ लिहिणारा माणूस अशाच एका टेबलासमोर कधी काळी उभा राहिलेला, आणि लिहीत असताना अजूनही 'शत्रुराष्ट्राचा'. १९४६ पर्यंत त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं नव्हतं. हंगेरीत राहिलेली त्याची आई १९४४ मध्ये आउश्वित्झला नेऊन मारली गेली. ब्लिंप हा आपला सर्वांत आवडता सिनेमा असं तो म्हणायचा.

पुढच्या वर्षीच्या 'अ कँटरबरी टेल'मध्ये तर चिन्ह सिनेमात झिरपलेलंच आहे. फलकावर बाण लागल्यावर कॅथीड्रलच्या घंटा, मग चौदाव्या शतकातले यात्रेकरू. त्यातला एकजण हातावरचा ससाणा आकाशात सोडतो. ससाणा उंच जातो, ठिपका होतो, आणि त्याच ठिपक्याच्या जागी लढाऊ विमान येतं. खाली मान वर करून बघणारा चेहरा तोच, फक्त आता अंगावर सैनिकाचा गणवेश. सहाशे वर्षं एका कापात. सिनेमाच्या सुरुवातीचा बाण, मग ससाणा, मग विमान: हवेतून जाणाऱ्या तीन गोष्टी, एकीचा वेग दुसरीला मिळत गेलेला. या सिनेमात स्वतः पॉवेल आपल्या गावी परतला होता. बाण त्याच्या परसात पडला म्हणायचा. तरी गंमत अशी की हा सिनेमा तेव्हा चालला नाही. आर्चर्सच्या फलकातला एक कडेचा बाण. आज तो त्यांच्या सर्वोत्तम कामांत धरतात. म्हणजे कडेला लागलेला बाण कायमचा कडेलाच असतो असंही नाही, मध्य सरकू शकतो.

या नावाच्या उगमाशी एका इंग्रज समीक्षकाची एक चारोळीही जोडली जाते. तिचा मथितार्थ असा की सोन्याचा बाण हुकला तरी बेहत्तर, पण शेजारच्या मार्गेटला अचूक लागण्यापेक्षा दूरच्या नेपल्सला हुकलेला बरा. मार्गेट ही लंडनकरांची स्वस्त समुद्रचौपाटी, आपण 'अलिबागला जाऊन येऊ' म्हणतो तसली. 'सोनेरी बाण' हे लंडनहून पॅरिसकडे नेणाऱ्या आलिशान गाडीचं नाव होतं, त्यावर केलेली कोटी. आर्चर्सचे नेम नेपल्सचेच होते. हिमालयातल्या कॉन्व्हेंटची गोष्ट आणि चित्रीकरण सगळं इंग्लंडात, बहुतेक स्टुडिओत, काचेवर रंगवलेल्या पर्वतांसमोर. 'द रेड शूज' या बॅले सिनेमात गोष्ट थांबवून पंधरा-सोळा मिनिटांचा अख्खा नाच. परलोक कृष्णधवल आणि भूलोक रंगीत. यातले काही मध्यावर लागले, काही सपशेल हुकले. फलकाला ते सगळे चालतात.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका घरात हे सिनेमे टीव्हीवर बघत एक मुलगा वाढत होता. टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे आर्चर्सचे सगळे रंग राखाडी. मार्टिन स्कॉर्सेसी मोठेपणी सांगत आलाय की तो फलक दिसला की आता काहीतरी अद्भुत येणार हे कळायचं. पुढे त्यानंच हे जुने सिनेमे पुन्हा रंगात आणायला, दुरुस्त करायला पुढाकार घेतला. नऊ-दहा वर्षांच्या पोराला पर्वत, सिंह, मशाल यांतलं काही आठवणीत ठेवावंसं वाटलं नाही आणि एक बाण आठवला, हे मला पटतं. त्या वयात गोष्ट पूर्ण झाली की लक्षातून जाते. गोष्ट सुटली की राहते.

१९५७ मध्ये 'इल मेट बाय मूनलाइट'नंतर दोघं वेगळे झाले. भांडून नव्हे, बोलत राहिले, पुढे एकदोनदा एकत्र कामही केलं. पण 'दि आर्चर्स' तिथेच संपली. म्हातारपणी प्रेसबर्गर सफोकमधल्या आस्पॉल या खेड्यात राहायचा. घराचं नाव शूमेकर्स कॉटेज, म्हणजे चांभाराचं घर. 'रेड शूज' लिहिणारा माणूस अखेर तिथे येऊन राहिला, याला काय म्हणावं!

१९८८ च्या फेब्रुवारीत तो गेला. त्याच गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. जुनं इंग्रजी खेड्यातलं चर्च, भोवती गवत, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती थडगी. त्या सगळ्या आवारात एकाच दगडावर डेव्हिडचा तारा कोरलेला आहे.